आठ नंबरचे सेफ्टी बूट

शिरूरजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन मला एकदाच भेटला. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला; शनिवारपर्यंत इंटर्नशिप मिळाली नाही, तर तिचं सत्र वाया जाणार होतं. म्हणून दौंडहून एकवीस प्रमाणपत्रं लॅमिनेट करून, अनुक्रमांक घालून आणली होती. फाईल मीच धरली होती.

वॉचमननं जिभेला बोट लावून एकवीसही पानं उलटली आणि तिला विचारलं, "बुटाचा नंबर किती?"

"पाच."

"बायोडाटा समदे आणत्यात. सेफ्टी बूट कुणी आणत न्हाई, आन् बुटाबिगर साहेब मशीनपाशी येऊ देत न्हाईत."

त्यानं केबिनमधून आठ नंबरचे बूट काढले, पुढं रद्दी कोंबली आणि तिला घालायला लावले.

ती आत निघाली. मीही फाईल घेऊन मागोमाग निघालो, तर त्यानं काठी आडवी धरली. "आबा, तुम्ही कुठं? बापासंगं आलेलं पोरगं साहेब दारातनंच माघारी धाडत्यात. म्हणत्यात, उद्या मशीन बंद पडली तर हे आधी बापाला फोन लावंल."

तो माझ्याहून पाच-सात वर्षांनी थोरलाच असावा.

मी रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो. पन्नास मिनिटांनी मुलगी बूट खडखडत बाहेर आली. मी हात वर केला. ती सरळ वॉचमनकडं गेली.

"मामा, सोमवारपासून या म्हणाले!"

त्यानं बूट परत घेतले आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "जा, आता त्यास्नी बी सांग."