तोंड आधी, पान मागनं

मिशा पिकलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत खिशातनं च्युइंगमबरोबर मिळणारे पत्ते काढून खेळतो, हे कुपवाडच्या फाउंड्रीत पहिल्यांदा बघितलं आणि मी हबकलोच. नव्वद सालानंतरचे दिवस. घरोघरी केबल आली होती, आणि त्यातले परदेशी पैलवान या पत्त्यांवर उतरले होते. वर चित्र, खाली उंची, वजन, जिंकलेल्या कुस्त्या. कुंडलचा सदाशिव म्हणजे आमचा सगळ्यात जुना मोल्डर. त्याच्या हातचा साचा कधी फुटला नाही. आणि त्याच्या हातात हे!

"सदा, लाज हाय का न्हाई?" मी म्हटलं.

"गणप्या, पैलवान परका असंल, कुस्ती तर आपलीच हाय न्हवं? बस खाली."

बसलो, तो पाच वर्षं बसलो. हळूहळू सगळी शेड बसली. दोन बारके देऊन एक दाढीवाला घ्यायचा, असली अदलाबदल भट्टीपाशी चालायची. पण खेळ पोरांसारखा नव्हता. सदानं त्याला कायदा लावला होता. आपलं पान पालथं ठेवायचं, त्यावर तळवा ठेवायचा आणि मग बोलायचं, "वजन" किंवा "उंची". ज्याचा आकडा मोठा, त्याला दोन्ही पानं. मात्र तळवा उठायच्या आत समोरच्यानं "आडवा!" म्हटलं, तर वजनाची उंची करता यायची. त्यावर पहिल्यानंही आडवा घालावा. जो शेवटी बोलला, त्याचं खरं. आडवा ज्यानं त्यानं डावात एकदाच, आणि तळवा उठल्यावर नाही.

"तोंड आधी, पान मागनं," सदा म्हणायचा. "तळवा उठल्यावर देवाचंबी ऐकायचं न्हाई."

आणखी एक नेम होता. दोन्ही पानं तिसऱ्यानं वाचायची. "खेळणाऱ्याचं डोळं खोटं बोलत्यात." एवढा सरळ माणूस! शेडमधलं कुठलंही भांडण साहेबाच्या आधी सदापुढं जायचं. तो बोलला की विषय मिटला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण नोटीस आली की मी मोठ्यानं वाचायचो आणि तो मान हलवत ऐकायचा. नवं पान आलं की तो पैलवानाचं पोट बघून "वजन" बोलायचा. आम्ही हसायचो. कुणाच्या मनात काही आलं नाही.

एका दुपारी आमच्या दोघांचा डाव रंगला. माझ्याकडं शेवटचंच पान उरलं होतं, माझा उंच पैलवान. दोन वर्षं जपलेला. सदानं नवं पान ठेवलं, "वजन" म्हणाला. मी "आडवा! उंची!" म्हणून ओरडलो.

"तळवा उठला, गणप्या. वेळ ग्येली."

"उठला न्हवता!"

"उठला हुता. इचार कुणालाबी."

सगळ्यांनी सदाच्या बाजूनं माना हलवल्या. माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच तसा. हरलेलं मला अजून सोसत नाही. मी म्हटलं, "तिसरा कशाला लागतो रं तुला दर बारीला? पंचाला फितवलायस? आज तुझं पान तूच वाच."

"नेम मोडू नगंस."

"वाच!"

त्यानं पान उचललं. लय वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "दोनशे ऐंशी."

मी हिसकावून घेतलं. एकशे नव्वद होतं.

मागनं कुणीतरी हसत सदाला म्हणालं, "आप्पा, चष्मा घ्या आता!" त्यानं बिचाऱ्यानं निसटायला वाट करून दिली होती. सदा त्या वाटेनं गेला नाही.

"चष्म्याचं न्हाई रं. मला वाचाय येत न्हाई, आकडंबी न्हाईत."

साच्याचे नंबर तो बोटांनी चाचपून ओळखायचा. आम्हाला ती कारागिरी वाटायची. शेडमधल्या सगळ्या पैलवानांचे सगळे आकडे त्यानं नुसते ऐकून पाठ केले होते. चेहरा दिसला की आकडा तयार. हे पान नवं, त्याचा आकडा अजून कुणी वाचलाच नव्हता. वीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं! आणि माहीत झालं ते असं, सगळ्यांच्या पुढं, माझ्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवसापासनं तो एकटा जेवायला लागला. पुढच्या आठवड्यात शेडमधल्या दुसऱ्या दोघांची जुंपली, तर ते थेट साहेबाकडं गेले. सदाला कुणी विचारलंच नाही. महिन्याभरानं कळलं, सदा काम सोडतोय. त्याचा मेव्हणा विट्याचा, त्याचं तिकडं मदुराईला सोनं गाळायचं दुकान होतं, तिथं चाललाय.

मी रविवारी कुंडलला गेलो. सदा घराच्या पुढल्या सोप्यात बसला होता. मला बघून उठला.

"या गणपतराव. बसा."



"सदा, असं काय बोलतुयास रं?"

"आवं, तुमी शिकल्याली माणसं."

टोमणा होता का मान होता, मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. जाऊ नगंस. मी शिकवतो तुला, म्हैन्याभरात वाचायला लागशील."

त्यानं आतनं च्या मागवला. कप माझ्यापुढं सरकवला आणि शांतपणे म्हणाला, "तुमी इचारलंसा त्यात चूक न्हाई. पर सगळ्यांच्या म्होरं इचारलंसा. एकट्याला गाठून इचारलं असतंसा, तर मीच म्हणलो असतो, गणप्या, शिकीव की रं मला."

मी कपाला हात लावला नव्हता.

"च्या घ्या, गणपतराव," तो म्हणाला. "निवतोय."