न पाळायचं ग्रहण

देवावरचा माझा विश्वास तेव्हा पार डळमळला होता, आणि जप मात्र मी कधी नव्हे इतका करत होतो. माझी बायको सुनीता नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात होती. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. २००६ च्या मार्चात चंद्रग्रहण असल्याचं मी इंटरनेटवर वाचलं आणि मनाने घेतलं की चंद्राकडे बघत जप सुरू करायचा, पुढे आठवडाभर एकांतात अनुष्ठान करायचं, मग देवाला ऐकावंच लागेल. इकडे आभाळ भरलेलं राहणार होतं. अंदाज चांगला होता तो फक्त पार उत्तरेच्या शेटलंड बेटांवर. सुनीताला मी ऑफिसचं काम सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके, जाऊन ये." खरं सांगायचं तर तिच्या कॉटशेजारी बसून तिचे श्वास ऐकणं मला झेपत नव्हतं. मी पळालो होतो, अनुष्ठान हे निमित्त.

शेटलंडला झाड म्हणून नाही. नुसता वारा, मेंढ्या, आणि पलीकडे थेट ध्रुवापर्यंत समुद्र. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. ग्रहण लागायच्या वेळी समुद्रात गुडघाभर उतरून दोन मग पाणी डोक्यावर घेतलं. जीव जातो की काय असं वाटलं. कुडकुडत अंगणात बसून माळ ओढू लागलो. चंद्र लख्ख होता. दीड तास झाला तरी त्याला काही होईना. पुढे खालची कडा जेमतेम धुरकटली, चुलीमागची भिंत काळवंडते तशी. वेळ चुकली की काय म्हणून आईने पुण्याहून पाठवलेलं पंचांग पहिल्यांदाच उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे ग्रहण छायाकल्प आहे, चंद्र दाट सावलीत शिरणारच नाही, याचे कसलेही नियम पाळू नयेत. धर्माच्या हिशेबी ते ग्रहणच नव्हतं. मी वेड्यासारखा हसलो, आणि मग मला रडू आवरेना.

बाई सूप आणि ब्लँकेट घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदा चंद्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माझा नवरा शेवटच्या आठवड्यात वरच्या खोलीत झोपून होता," त्या म्हणाल्या. "आणि मी खाली स्वयंपाकघराला रंग देत होते. दोन हात दिले. त्याच्याजवळ बसायची मला भीती वाटत होती. तुम्ही सकाळीच जा. विमानतळावर मी सोडते."

सकाळचं विमान भरलेलं होतं. बाई काउंटरवर काय बोलल्या ठाऊक नाही, पण रांगेतला एक माणूस आपणहून दुपारच्या विमानावर गेला. त्याचं नावही मी विचारलं नाही.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सुनीता जागी होती. "झाला जप?" तिने विचारलं. मी पिशवी कॉटखाली सरकवली. "अरे, जपमाळ घेऊन ऑफिसच्या कामाला कोण जातं? आय न्यू." मी तिच्या हातावर डोकं ठेवून म्हणालो, "मी पळून गेलो होतो गं." ती म्हणाली, "माहितीये. आता बस."

मी बसलो. देवाकडे काही मागितलं नाही. ओठ कोरडे पडले की ओल्या कापसाने टिपायचे, कूस बदलून द्यायची, ती बोलली तर ऐकायचं. भीती गेली नाही, पण भीतीसकट बसता येतं हे कळलं. चौथ्या दिवशी दुपारी, माझा हात धरलेला असताना, ती गेली.

मला अजून रडू येतं, कधी देवाचा रागही येतो. तिचं आयुष्य मागितलं होतं, ते त्याने दिलं नाही. तरी रोज हात जोडताना त्या बाईंना आणि विमानतळावरच्या त्या माणसाला मी पहिला नमस्कार करतो. मी धरलेला हट्ट देवाने हळूच हातातून सोडवून घेतला, एवढंच मला म्हणता येतं. ते ग्रहण पाळण्यासारखं असतं, तर चौथ्या दिवशीही मी त्या बेटावर डोळे मिटून बसलो असतो, आणि सुनीता एकटी गेली असती.