चार तास दहा मिनिटांचा संशय

त्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता : रुग्णाला कशातून आणलं? आणि खाली छापलेल्या उत्तरांत पहिलं उत्तर होतं, हेलिकॉप्टर. बैलगाडी यादीत नव्हतीच. ती मी पेनानं वाढवली, आणि तिच्याखाली बाजही वाढवली, कारण आमच्याकडं निम्मे लोक बाजेवरच यायचे.

संशोधन मेडिकल कॉलेजातल्या एका प्राध्यापक डॉक्टरांचं होतं. जखमी माणूस दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत किती वेळ जातो आणि वाटेत त्याचं कोण काय करतं, याचा त्यांना ध्यास लागला होता. परदेशात डॉक्टरच हेलिकॉप्टरनं रुग्णापर्यंत जातो, असं त्यांच्या वाचनात आलेलं. फॉर्मही तिकडचाच, मराठीत उतरवलेला. "आज आपल्याकडं ते नाही. पण आकडे गोळा केले तर उद्या मागता येईल," असं ते म्हणायचे. परभणी जिल्ह्यातून आकडे आणायला त्यांना सायकल चालवणारा आणि घड्याळ असलेला माणूस हवा होता. बी.एस्सी.ला दोनदा आपटलेला मी या दोन्ही अटींत बसलो.

सकाळी परभणीच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून कोण किती वाजता आलं ते लिहायचं, आणि मग त्या त्या गावी जाऊन अपघात किती वाजता झाला ते विचारायचं, एवढंच काम. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. वही घेऊन गावात शिरणारा, नाव-गाव-वस्ती विचारणारा माणूस कुणाला नको होता. या वस्तीत मला त्या वस्तीनं धाडलेला समजायचे आणि त्या वस्तीत या वस्तीनं. शिवाय आणीबाणी कधीच सरली होती तरी, मी सायकलवरून उतरलो की तरणी माणसं शेताकडं चालू पडायची. त्यांच्या लेखी मी नसबंदीवाला होतो.

त्यात फॉर्मवर एक प्रश्न असा : गावात हेलिकॉप्टर उतरेल एवढी मोकळी जागा आहे का?

"मोकळी जागा? न्हाई बा."

"ही समोरची काय आहे मग?"

"ती मोकळी न्हाई. तिथं बैल लोळतेत."

सरकार जमीन घ्यायला निघालंय, ही बातमी माझ्या सायकलच्या पुढं धावत होती. माझ्या नोंदींवर विश्वास ठेवायचा तर त्या काळी पाथरी तालुक्यात एक इंचही मोकळी जमीन नव्हती.

वेळेचं तर विचारूच नका. "दिवस कासराभर वर आला व्हता," असं सांगायचे. डॉक्टरांना तास आणि मिनिटं पाहिजेत. मग मी शक्कल लढवली. रात्री गावात थांबून सकाळी परभणीला निघणारी मुक्कामी बस पुष्कळ गावांत असायची, आणि लोक तिच्यावरून दिवस मोजायचे. मुक्कामी गेली तवा, मुक्कामी जायच्या आदी. मी बसस्थानकावर जाऊन सगळ्या मुक्कामी गाड्यांच्या वेळा फलकावरून उतरवून घेतल्या. कुणी म्हटलं मुक्कामी गेली तवा, की मी फलकावरचे सहा लिहून मोकळा. डॉक्टर म्हणाले, "हुशार आहात." पदवीधर माणसानं मला असं म्हणायची ती पहिलीच खेप. त्यानंतर मी काहीही तपासून पाहिलं नाही.

पोखर्णीच्या पुढं, पाथरीच्या अंगाला एक गाव होतं. तिथल्या एका जवान शेतकऱ्याचा उजवा हात कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला. मुक्कामी नुकतीच गेली होती, म्हणून शेजारच्या गावच्या जीपवाल्याला बोलावलं. म्हातारा बाप सोबत आला, त्यानंच हे मला सांगितलं. मी पायरीवरच होतो. माझ्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन बोटं गेली. जरा आधी आला असता तर एखादं वाचलं असतं, असं दवाखान्यातले डॉक्टर बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ आला. तो येलदरीला धरणावर मजुरीला होता. सरळ माझ्यापुढं उभा राहिला.

"सायेब, तुमीच का ते टाइम लिहिणारे? माझ्या भावाला यायला किती वखत लागला?"

बघून सांगतो, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी वही उघडली आणि निकाल वाचून दाखवावा तसं वाचलं, "चार तास दहा मिनिटं."

"जीपला तर दीड तास लागतो."

"मलाही ते खटकलंय," मी म्हणालो.

हे दुसरं वाक्य म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत महागडा शहाणपणा. खरं तर त्या जीपवाल्यावर माझा आधीपासूनच डोळा होता. दर आठवड्याला जखमी माणसं याच्याच जीपमधून कशी येतात? त्या रस्त्याला ती एकच जीप होती, हे कारण मला सुचलं नाही. एकदा तर मी डोक्याला पटका गुंडाळून, शेतकरी बनून त्याच्या जीपमध्ये पाळत ठेवायला बसलो होतो. त्यानं आरशात बघून विचारलं, "सायेब, सायकल कुटं ठिवली आज?"

थोरल्यानं गावात जाऊन बापाला विचारलं, "जीप वाटंत थांबली व्हती का?" म्हातारा म्हणाला, "थांबली व्हती की." जीपवाला सांगत राहिला, की इंजिन तापलं होतं, पाणी टाकायला थांबलो, बाकी कुठं टेकलो नाही. पण कागदावर चार तास दहा मिनिटं होती. यानं वाटेत सवाऱ्या भरल्या आणि माझ्या भावाची बोटं घालवली, असं थोरल्यानं पारावर बोलून दाखवलं. गाव त्याच्या जीपमध्ये बसेना. तो आला की बायका पोरांना घरात घ्यायच्या.

आठवड्याभरानं दुसऱ्या एका फॉर्मसाठी मी त्याच गावी मुक्कामाला गेलो आणि शाळेच्या ओट्यावर झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. बस चुकली म्हणून तोंडही न धुता पळत सुटलो. बघतो तर बस लिंबाखाली उभी! ड्रायव्हर न्हाव्यापुढं गाल फुगवून बसला होता. कंडक्टर विहिरीवर आंघोळीला गेला होता.

"किती वाजता सुटते ही?" मी न्हाव्याला विचारलं.

"सुटते की. आवरलं म्हंजी सुटते. हे आठ वाजतेत."

मी तिथंच वही उघडली. आठापासून दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत. म्हणजे दोन तास दहा मिनिटं, आणि त्यातच जीप बोलावून आणायचा वेळ आला. उरलेले दोन तास जीपवाल्यानं नाही, मी खाल्ले होते. माझ्या सगळ्या वहीतले दोन-दोन तास बहुधा असेच होते, पण बाकीच्या नोंदींपायी कुणावर गावबंदी आली नव्हती.

संध्याकाळी पारावर जाऊन सगळ्यांदेखत चूक कबूल केली. मला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. त्यांनी त्याहून वाईट केलं. माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

"जीपवाल्यानं कोंबडं कापलं का बकरं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहो काका, मी खरंच..."

"तवा खरं का आता खरं, ते एकदा ठरवा." थोरला उठून उभा राहिला. "उद्या सकाळी सगळे मिळून बगू. सहाला सुटली तर तुमी त्याचं खाल्लं."

मी खुशाल हो म्हणालो. पार सोडताना जरा लांब उभं राहून बोलणं ऐकणारा कंडक्टर मला दिसला होता. माझ्या हातातल्या वहीकडं तो ज्या नजरेनं पाहत होता, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही वीसेक जण लिंबाखाली जमलो. ड्रायव्हरची दाढी झालेली. कंडक्टर कपाळाला गंध लावून दारात उभा. माझ्या घड्याळाचा काटा सहावर आला आणि घंटी वाजली. बस रिकामी होती तरी निघाली! मला त्यांनी डेपोचा तपासणीसच ठरवलं होतं.

थोरला नुसता माझ्याकडं बघत होता. न्हावी साक्ष द्यायला राजी नव्हता. त्याचं रोजचं गिऱ्हाईक त्याला तोडायचं नव्हतं.

कोर्टात तारीख असलेला एक गडी सात वाजता पिशवी हलवत, पान चघळत आला. त्याच्या मागून परभणीला निघालेली एक सासू-सून. मग दुधाच्या किटल्या घेतलेला माणूस.

"गाडी कुटं गेली?"

"सहाला सुटली."

"सहाला? कामून? कोण मेलं?"

साडेसात होईतो तिथं दहा-बाराजण बोंबलत होते. दूधवाला किटल्या आपटून म्हणाला, "वीस वर्सं झाली, ही गाडी आठाच्या आत हललेली म्या पाह्यली न्हाई. आज हिला भूत लागलं का?"

थोरल्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ पट्टी बांधलेला हात छातीशी धरून आला. त्याला त्याच दिवशी पट्टी बदलायला परभणीला जायचं होतं. तोही निवांतच आला होता.

थोरला कुणाची तरी सायकल ओढून शेजारच्या गावाकडं निघाला. जीप आली तेव्हा तो जीपवाल्याशेजारी पुढं बसलेला होता. सगळे चढले. मीही पाय टाकला.

"तुमी न्हाई," जीपवाला म्हणाला. "जागा न्हाई."

"पण वेळ कोण लिहिणार?"

"ते घड्याळ द्या भाऊकडं. घड्याळाला जागा हाय."

जीप गेली. मी वही घेऊन लिंबाखाली बसलो.

दुपार कलल्यावर ते परत आले. थोरल्यानं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "पावणेदोन तास," तो म्हणाला. "पाणी टाकायला थांबला, ते धरून." मग वहीकडं बोट केलं, "खोडा ते."

मी वहीतून त्याच्या भावाच्या नावाचा फॉर्म काढला आणि चार तास दहा मिनिटांवर रेघ मारली. तो खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला वाचता येत होतं, तरी त्यानं जीपवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "तूबी बग. नेमकं तेच खोडलं का, का दुसरंच काई."