पॉइंटांवरची खुर्ची

माझ्या थोरल्या जावेनं मला पहिल्यांदा मारलं ते लवकीनं, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला दुधी म्हणतात तिनं. हातभर लांब, आमच्याच वाडीतली, वर्ध्याच्या बाजारात विकायला निघालेली लवकी. बस पवनारच्या बाहेर पडायच्या आत माझ्या पाठीवर तिचे दोन तुकडे झाले. आवाज असा झाला की ड्रायव्हरला टायर फुटलं वाटलं. तो खाली उतरून सगळ्या चाकांना लाथा घालून आला. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. माझ्या टोपल्यात वांगी होती, आणि वांग्याच्या देठाला काटे असतात. जास्त सांगत नाही. कंडक्टरनं मधे हात घातला, त्यानं पुढे आठवडाभर तिकिटाच्या मशीनची बटणं डाव्या हातानं दाबली.

भांडण पॉइंटांचं होतं.

झालं असं की पावसाळा संपता संपता सासूबाई पाटाच्या चिखलात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरनं बजावलं, आता उकिडवं बसायचं नाही, मधे भांडं असलेली ती संडासची खुर्ची आणा. सासूबाईंनी खुर्चीची किंमत ऐकली आणि खाटेवरून गरजल्या, "त्या कामासाठी एवढे पैसे? फुकट भेटली त बसतो, नाई त नाई!"

तोवर आम्ही दोघी जावा त्यांना काखेत धरून उचलायचो, धरून ठेवायचो. जन्मभर कुणाचा हात न लागू दिलेली बाई. तिनं यावर स्वतःच इलाज काढला, पाणी प्यायचंच सोडून दिलं. दिवसाला जेमतेम अर्धा पेला. ओठ फाटले, लघवीला आग, वर ताप. दोनदा सलाईन लावली. डॉक्टरनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "पाणी पोटात गेलं नाही तर किडन्या जातील. मग खुर्चीचीही गरज राहणार नाही."

आम्ही जबरदस्ती करून पाहिली. मी जबडा धरला, जाऊबाईंनी पाण्याचा गडवा ओतला. सासूबाईंनी चांगल्या पायानं अशी लाथ घातली की मी चुलीपाशी जाऊन पडले, आणि पाणी सगळं जाऊबाईंच्या पोलक्यात.

मग बाजाराजवळच्या मेडिकलवाल्यानं बोर्ड लावला: प्रत्येक बिलावर पॉइंट, पॉइंटांवर वस्तू. वस्तूंमध्ये तीच खुर्ची, काचेमागे नवऱ्या मुलासारखी नटून बसलेली. सासूबाईंनी विचार केला आणि परवानगी दिली. "औषध त घ्याच लागते. त्याच्यावर भेटलं ते फुकट. पण घरात असलेली वस्तू पॉइंटासाठी इकत आनली, त मी त्या खुर्चीकडे पाह्यनार बी नाई." आणि प्रत्येक बिल त्या चष्मा लावून, बोट फिरवत वाचायच्या. साबणाची वडी लपवून आणायची सोय नव्हती.

शहाण्या घरात एवढ्यानं काम झालं असतं. पण काउंटरवर मोबाइल नंबर सांगावा लागतो, आणि आम्ही जावा. जाऊबाई औषध आणायला गेल्या की त्यांचा नंबर, मी गेले की माझा. कारण जिच्या नंबरावर खुर्ची घरात येईल, तिचं नाव सासूबाई मरेपर्यंत गावभर घेणार, आणि दुसरीनं ते मरेपर्यंत ऐकणार. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीसाठी आमच्या ओसरीत कुस्त्या व्हायच्या. एकदा चिठ्ठी मधोमध फाटली. वरचा भाग घेऊन त्या गेल्या, खालचा घेऊन मी. सासूबाईंना तो आठवडा सकाळच्या गोळ्या एकीच्या आणि संध्याकाळच्या दुसरीच्या अशा मिळाल्या.

आणि मग मेडिकलवाल्याचा मेसेज आला की योजनेचा आज शेवटचा दिवस. आम्ही दोघी एकाच बसला लोंबकळलो. पुढचं लवकीचं तुम्हाला माहीत आहे.

दुकानात पोचलो तेव्हा माझी पाठ सुजलेली, जाऊबाईंच्या गालावर वांग्याचे काटे. मेडिकलवाला भला माणूस. कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "एकीचे पॉइंट नाई पुरत वहिनी. पण दोघींचे एकाच नंबरावर घेता येते. जिचे पॉइंट जातीन तिच्या मोबाइलवर ओटीपी येईन, तो सांगा फक्त. कोणाच्या नंबरावर घेऊ?"

हे त्यानं विचारायला नको होतं.

मी त्यांच्या अंबाड्याला हात घातला. त्यांनी माझ्या कानाला. वजनाचा काटा आडवा झाला, खोकल्याच्या बाटल्या एकामागून एक फरशीवर फुटल्या आणि सारं दुकान गोड चिकट झालं. त्या चिकट्यात आम्ही लोळलो. मी दुधाच्या पावडरचा डबा फेकला, तो त्यांच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार अशी उडाली की छताच्या पंख्यानं ती साऱ्या गिऱ्हाइकांना वाटून दिली. त्यांनी मला काउंटरच्या कोपऱ्यावर आपटलं, माझं कोपर हाडापर्यंत उघडं पडलं. बाहेर गर्दी जमली. आमच्या गावात नदीकाठी आश्रम आहे, तिथं लोक शांती शोधायला लांबून येतात. ती शांती त्या दिवशी वर्ध्यापर्यंत पोचली नाही.

शेवटी जाऊबाई माझ्या छातीवर बसल्या. वजन त्यांचं ज्वारीच्या पोत्याएवढं, पोतं भरलेलं. माझे केस मुठीत धरून त्यांनी मेडिकलवाल्याला आपला नंबर सांगितला. माझा मोबाइल माझ्याच पाठीखाली वाजला.

"ओटीपी सांग!"

"नाई सांगत!"

डोकं फरशीवर.

"सांग व धाकले! तिकडे ते म्हातारी वाळून राह्यली अन् तू इथं आकडे दाबून ठेवतं?"

मार मी आणखी खाल्ला असता. पण सासूबाईंचे फाटलेले ओठ डोळ्यांसमोर आले, आणि मी पाठीखालचा मोबाइल ओढून काढून एकेक आकडा ओरडून सांगितला.

मेडिकलवाल्यानं बटण दाबलं, मान हलवली. "थोडेसे कमी पडून राह्यले, वहिनी."

मग त्यानं आमच्याकडे पाहिलं. भुवई, कोपर. कापूस, पट्टी, टिंक्चर काढलं आणि बिल केलं. जाऊबाईंनी पोलक्यातून घामानं भिजलेलं कूपन काढलं: मलमपट्टीवर डबल पॉइंट. कधीपासून जपून ठेवलेलं. रक्त पुसत त्यांनी ते काउंटरवर चिकटवलं.

"आता?"

"आता बी कमीच. पण अगदी जरासे. एखादा साबण घ्या न."

"साबण घरी हाय," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

जाऊबाईंनी उभ्या दुकानावर नजर फिरवली. मग बांगड्या मागे सारून त्यांनी आपला डावा हात माझ्या तोंडापुढे धरला.

"चाव."

"काय?"

"चाव म्हनलं न! पट्टी लागन, धनुर्वाताचं इंजेक्शन लागन. खरंच लागन, म्हातारीले बी बोलता नाई येनार. लवकर चाव, दुकान बंद होईन."

नंबर त्यांचा, पॉइंट त्यांचे, जिंकल्या त्या. आणि चावायला पुढे केलेला हातही त्यांचाच. एरवी मला दया आली असती. पण पाठीवर लवकी ताजी होती. मी चावले ते मन लावून. जाऊबाईंच्या किंकाळीनं बाजारातले बैल दावं तोडून सेवाग्रामच्या वाटेला लागले म्हणतात. मेडिकलवाला भिंतीला टेकून खाली बसला, आणि बसल्या बसल्याच त्यानं इंजेक्शनचं बिल केलं.

खुर्ची घेऊन आम्ही परतलो. सासूबाई खाटेवर, ओठ कोरड्या रानासारखे. खुर्चीकडे पाहायच्या आधी त्यांनी हात पुढे केला, "बिल."

बोट फिरलं. टिंक्चर, ठीक. पट्टी, ठीक. मग बोट थांबलं.

"कापूस? खोलीत कापसाचा गंज छताले टेकला, अन् तुम्ही कापूस इकत आनला?"

 एवढं रक्त सांडलं आणि खुर्ची पुन्हा वर्ध्याला जाणार. मी तोंड उघडलं, पण जाऊबाईंनी मला कोपरानं मागे ढकललं, दुखऱ्या कोपरावरच. खाटेपाशी जाऊन त्यांनी दुसरा, धड हात सासूबाईंच्या नाकासमोर धरला.

"आई, पानी पेता का हा बी हात हिच्या तोंडात देऊ?"

सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, पट्टीतल्या हाताकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्या दातांकडे.

"गडवा आन," त्या मला म्हणाल्या.

पूर्ण गडवा प्यायल्या. मधे श्वास घेतला नाही. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते जाऊबाईंनी पदरानं टिपलं. दुसरा गडवाही गेला. मग आम्ही खुर्ची खाटेला लावली, त्यांना हळूच सरकवलं, आणि दोघी सवयीनं काखेत हात घालून उभ्या राहिलो.

"सोडा," सासूबाई म्हणाल्या. "जा बाहेर. दार लोटून घ्या. अन् दोघी बी दूर उभ्या राहा, एकमेकीपासून बी!"