वाटीतल्या मुंग्या

माझा मुलगा दूध प्यायचा आणि परत द्यायचा. प्यायचा मन लावून आणि परत द्यायचा त्याहून मन लावून. माझ्या खांद्यावर, सासूबाईंच्या पदरावर, बँकेत निघालेल्या नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. मग पाठीची कमान करून रडायचा, रडून दमला की डोळे मिटायचा आणि आडवा ठेवला रे ठेवला की पुन्हा सुरू. घरभर आंबट वास भरून राहिलेला. गच्चीवर दुपटी वाळत घातलेली असायची, ती मात्र लखनौच्या जूनमध्ये बघता बघता वाळायची. तेवढंच एक सुख होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही लखनौला आलो होतो. त्याची शाखा चिनहटला, आमचं घर शहरात, भाड्याचं, वरच्या मजल्यावर. माझी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. म्हणून सासूबाई साताऱ्याहून आल्या. येताना डिंक, आळीव, बाळंतशेपा आणि वेखंड घेऊन आल्या, आणि त्यांच्यासोबत बाळंतपणाचे सगळे कायदेही. त्या कायद्यांत हवा बदलली तर काय करायचं याचं कलम नव्हतं. बाहेर अंग भाजून काढणारी लू वाहत होती आणि माझ्या खाटेखाली शेगडी पेटलेली. वीज गेली की कूलर बंद पडायचा, शेगडी मात्र चालू राहायची.

"अहो आई, निदान दुपारी तरी शेगडी नको," मी म्हणायचे.

"आत्ता शेकून घेतलं नाहीस तर म्हातारपणी आठवण काढशील माझी," असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

सगळ्यात कडक कायदा बसण्याचा होता. बाळंतिणीने बसायचं नाही, कंबर धरते. त्यामुळे पाजायचं तेही कुशीवर आडवं होऊन. पाजून झालं की लगेच तेल, कारण भरल्या पोटी बाळ तेल लावताना रडत नाही, अशी त्यांची समजूत. मग दुधाने टम्म झालेल्या त्या जिवाला पायांवर घेऊन त्या चोळायच्या, त्याचे गुडघे पोटाशी दाबायच्या, अंगठे कपाळाला टेकवायच्या. दूध नाकातोंडातून बाहेर. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघ. पुन्हा टाकलं. तुझं दूध बाधतंय त्याला."

माझं दूध! त्यांचे हात नाहीत, माझं दूध! मला असा संताप यायचा की शेगडीची गरजच उरायची नाही.

लस द्यायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बाळाला नीट तपासलं, वजन केलं. वजन वाढत होतं. म्हणाले, "घबराइए मत. पेट के ऊपर का मुँह अभी ढीला है, दूध लौट आता है. बहुत बच्चों को होता है, बैठने लगेगा तो कम हो जाएगा. आप बैठकर पिलाइए, थोड़ा-थोड़ा, बार-बार. डकार दिलाइए, फिर कुछ देर सीधा पकड़े रहिए. मालिश दूध से पहले. और सुलाइए पीठ के बल, सपाट बिस्तर पर, तकिया-वकिया कुछ नहीं. हाँ, उलटी हरी हो, ख़ून दिखे, या वज़न रुक जाए, तो फ़ौरन लाइएगा." आणि दुधाबद्दल विचारलं तर म्हणाले, "आपका दूध बिल्कुल ठीक है."

घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगेलासा तो. त्याने कधी बाळंतपण केलंय? बसून पाज म्हणे! उद्या कंबर गेली तर तो येणारेय का चोळायला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "थोडं आईचं ऐक, थोडं डॉक्टरांचं ऐक." बँकेत गिऱ्हाइकांनाही तो असंच काहीतरी सांगून वाटेला लावत असावा. थोडं बसून आणि थोडं आडवं होऊन कसं पाजतात, हे त्याला विचारायची माझी फार इच्छा होती.

त्याच आठवड्यात त्याने आईच्या सांगण्यावरून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. फडताळात, तुरीच्या डाळीशेजारी तो डबा येऊन बसला. एकदा वरचं दूध सुरू झालं की बाळ ओढेनासं होईल आणि माझं दूध आटत जाईल, हे मला ठाऊक होतं. बाळंतिणीला वर्ज्य म्हणून आंबा नाही दिला तरी चालेल, शेगडी राहू दे, पण याला मी पाजणार, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. ती मागायला आणखी कुठे जायचं तेच समजत नव्हतं.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहायच्या. आम्ही त्यांना आंटीजी म्हणायचो. बाई इतक्या मिठ्ठास बोलायच्या की त्यांच्यावर रागवायची सोय नव्हती. माझ्या तान्ह्यालासुद्धा त्या 'आप' म्हणायच्या. "क्यों जनाब, आप सारा दूध गिरा देते हैं? अम्मी को परेशान करते हैं?" जनाब त्यांच्या ओढणीवर दूध ओकायचे आणि त्या "कोई बात नहीं" म्हणून पुसायच्या.

एके दिवशी सासूबाईंनी आपल्या हिंदीत त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. "क्या बताऊँ, बाळ दूध फेकता है. इसका दूधही बाधता है उसको."

आंटीजींनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "बुरा न मानिएगा बहू, हमारे यहाँ तो ऐसे में चींटी डालकर देखते हैं. कटोरी में माँ का दूध लीजिए, चींटी छोड़िए. चलती रही तो दूध अच्छा. मर गई तो समझिए भारी है, बच्चे को नहीं देना."

मला वाटलं, आता सासूबाई हसतील. लखनौतलं त्यांना काहीएक पसंत नव्हतं. इथलं पाणी जड, इथली भाजी तेलकट, इथल्या बायका सैल. पण त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "बघूया," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी बघूया. मेली तर डबा उघडायचा. मग तू मध्ये बोलायचं नाहीस."

साताऱ्याचे सगळे कायदे एकीकडे, आणि लखनौची एक मुंगी एकीकडे. पटली ती मुंगी!

मुंग्यांना तोटा नव्हता. नवऱ्याच्या एका खातेदाराने मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी पाठवली होती. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून होती. बाळंतिणीला आंबा बाधतो म्हणून मी वासावर दिवस काढत होते आणि मुंग्या मात्र रांग लावून जेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंटीजी वर आल्या. मी आतल्या खोलीत जाऊन स्टीलच्या वाटीत दूध काढलं. चांगली मॅट्रिकच्या पुढे शिकलेली बाई मी, आणि माझ्या दुधाची परीक्षा घ्यायला मुंगी बोलावली होती! वाटी आणून खाली ठेवली. आंटीजींनी काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर एक काळी मुंगी घेतली, "चलिए," म्हणाल्या आणि तिला दुधात सोडलं. लखनौत मुंगीलाही आप म्हणतात.

मुंगीने पाय मारले, गोल फिरली, पुन्हा पाय मारले. आम्ही तिघी वाटीवर वाकलेल्या. हळूहळू ती थांबली. आंटीजींनी काडीने हलवून पाहिलं आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाल्या, "गुज़र गई."

सासूबाई उठल्या. फडताळापाशी गेल्या आणि डबा काढला. झाकण उघडायला चमचा शोधू लागल्या.

"थांबा, आई," मी म्हटलं.

माझा आवाज इतका चढला की आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. मी आणखी वाट्या आणल्या. एकीत सकाळी भैयाने घातलेलं म्हशीचं दूध ओतलं. एकीत डबा फोडून पावडर कालवली, मीच फोडला. एकीत माठातलं साधं पाणी. आणि सासूबाईंचा अर्धा राहिलेला गार चहा बशीत होता, तोही रांगेत ठेवला. मग आंब्याच्या पेटीवरून मुंग्या आणल्या आणि एकेकीला सोडत गेले.

म्हशीच्या दुधातली मेली. डब्याच्या दुधातली मेली. पाण्यातली थोडी जास्त धडपडली आणि मेली. चहातली सगळ्यात आधी मेली.

"आता सांगा, बाळाला काय देऊ?" मी विचारलं. "सगळंच विष आहे या घरात. आणि तुम्ही तर रोज दोनदा चहा घेता!"

आंटीजी पाण्याच्या वाटीकडे बघत राहिल्या. "अरे, पानी में भी?" त्या पुटपुटल्या. मग सावरून उठल्या, ओढणी नीट केली आणि म्हणाल्या, "दरअसल यहाँ की चींटियाँ ही ज़रा नाज़ुक होती हैं." आणि तितक्याच अदबीने जिना उतरून गेल्या.

मी बाळाला उचललं, खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत ताठ बसून पाजायला घेतलं. थोडं पाजलं, थांबले, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, पुन्हा थोडं पाजलं. मग त्याला छातीशी उभा धरून बसून राहिले. हनुवटीवर दुधाचा एक ओघळ आला, बस, तेवढंच. बऱ्याच वेळाने त्याला सपाट गादीवर पाठीवर निजवलं. डोळे न उघडता त्याने एकदा तोंड वेडंवाकडं केलं आणि झोपला. हे काही लगेच बरं झालं नाही. बसायला लागेपर्यंत शर्ट भिजतच होते. पण त्या दुपारी तो शांत झोपला आणि मी मनाशी ठरवलं की आता कंबर मोडली तरी चालेल.

सासूबाई वाट्यांपाशीच बसल्या होत्या. मला वाटलं, रुसल्या. भांडायला माझी तयारी होती.

"आमच्या वेळी वैद्य आले होते," त्या म्हणाल्या. "थोरल्याच्या वेळी. तोही असाच टाकायचा. माझं दूध घेतलं आणि पाण्याच्या वाटीत थेंब सोडला. थेंब तळाला गेला. वैद्य म्हणाले, दूध जड आहे, पाजू नका. त्या दिवसापासून माझ्या सासूने त्याला जवळ देणंच बंद केलं. गाईच्या दुधावर वाढला. छाती दुखून ताप भरायचा मला. तो पलीकडच्या खोलीत रडायचा, मी इकडे."

थोरला म्हणजे माझा नवरा. धाकट्यालाही त्यांनी कधी पाजलं नव्हतं. एकदा जड ठरलेलं दूध पुन्हा कोण तपासणार.

बोलता बोलता त्यांनी पाण्याच्या वाटीतली मुंगी काडीने बाजूला केली. चमच्याच्या टोकावर म्हशीचं दूध घेतलं आणि पाण्यात थेंब सोडला. थेंब पांढरी रेघ ओढत तळाला गेला. मग डब्याच्या दुधाचा सोडला. तोही गेला. मग माझ्या वाटीतला. तोही. वाटीतलं पाणी गढूळ होईपर्यंत त्या थेंब सोडत राहिल्या. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, आणि तो गेल्याचं वाईटही वाटलं.

संध्याकाळी नवरा आला. फोडलेला डबा ओट्यावर बघून त्याने चप्पल काढता काढता विचारलं, "मग? चाललं का डब्याचं?"

सासूबाई नातवाला खांद्यावर उभा धरून येरझाऱ्या घालत होत्या. थांबल्या नाहीत.

"ते दूध कुणाला तरी देऊन टाक," त्या म्हणाल्या. "तिचं दूध चांगलं आहे." आणि खोलीच्या त्या टोकाला पोचून वळल्यावर, आपल्या एवढ्या मोठ्या मुलाच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "माझंही चांगलं होतं रे."