दादाच्या पायाखालचा पाट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या घरी तांदूळ निवडत होते. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले…" रडू आलंच नाही, राग आला. न सांगता-सवरता उठून जायची खोड त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही.

आमचं माहेर शहापूरचं. वडील, म्हणजे तात्या, सुतार. बैलगाड्या, नांगर, दारं-खिडक्या करायचे. साठ सालानंतरची गोष्ट, घरात वीज नुकतीच आली होती. दादाला मुंबईच्या जुन्या बाजारात मोडक्या गिटारची नुसती दांडी मिळाली आणि गडी येडाच झाला. धड त्यानं तात्यांच्या शिवणीच्या लाकडाच्या फळीतून कापलं, तारा अडकवायला बिजागरीची पितळी पट्टी घेतली, तारांखाली जुन्या टेलिफोनमधलं चुंबक आणि वेटोळं बसवलं. आवाज निघायचा आमच्या रेडिओतून. लाखेच्या पॉलिशचे तर इतके हात दिले की तात्या करवादले, "माझी शिवण नासलीस! वत्सूच्या हळदीत वाजली तर ठेव, नाय तर चुलीत घालीन." वत्सू म्हणजे मी, लग्न ठरलं होतं माझं. आणि तात्या बोलले की करायचेच.

गिटार वाजायची, पण रेडिओचा करंट तारांत उतरायचा. दादा टायरच्या वाहणा घालून फळीवर उभा असला की काही होत नसे. मी एकदा ओल्या जमिनीवरून अनवाणीच तारेला हात लावला नि भिंतीवर जाऊन आदळले. "कुणाला सांगू नको गो," दादा गयावया करू लागला, "तात्या वाजवूच देणार नाय."

हळदीच्या दिवशी मांडव शेणानं नुकताच सारवलेला, अजून ओलाच होता. मी पाटावर, अंगभर हळद. हळद लागलेल्या नवरीनं मधेच पाट सोडायचा नाही, अशी आमच्यात रीत. बायका गात होत्या. दादानं गिटार गळ्यात अडकवली, रेडिओ खरखरू लागला. तात्या समोर हाताची घडी घालून बसलेले. तेवढ्यात आजी कडाडली, "देवकापुढं वाहणा? काढ पयले!"

दादानं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडावं तर गिटार चुलीत, न उघडावं तर… त्यानं एक वाहण काढली. दुसरीही काढली. हात तारांकडं निघाला आणि मी ओरडले, "दादा, थांब रे!" उठले, खालचा पाट ओढला नि त्याच्या पायाशी सरकवला. "चढ यावर. चढ म्हणते ना!"

"अगो बया, पाट सोडला!" बायका किंचाळल्या. आजीनं कपाळावर हात मारून घेतला. दादा पाटावर चढला, तार छेडली… बायका गात होत्या तीच चाल निघाली. नंतर गिटारला लागलेली हळद तात्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली.

पुढं कल्याणच्या एका कारागिरानं तो करंट बंद केला. तरी दादा पाटाशिवाय वाजवेना. "आता कशाला रे?" विचारलं की म्हणायचा, "हळदीतून उठून दिलेला पाट, सोडू होय?"

दिवसकार्यानंतर वहिनी म्हणाली, "वन्सं, गिटार तुमी न्या." गिटार भिंतीवर चकचकीत होती, खाली तो पाट, पावलांनी झिजलेला, कडेला हळदीचा डाग. शेवटी शेवटी दादा खुर्चीत बसून वाजवायचा, पण पाय पाटावरच, असं तिनं सांगितलं. गिटार मी तिथंच ठेवली, पाट आणला.

परवा माझ्या मुलानं जेवायला बसायला तो पाट ओढला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब रे!" तो दचकला. आणि मला तेव्हा कुठं रडू फुटलं.