कोव्हच्या मोडक्या धक्क्यावर

भूतबित मी कधीच मानलं नाही. आयर्लंडमधल्या गॉलवेत भूल देणारी डॉक्टर आहे मी. रोज माणसं बेशुद्ध करते आणि परत शुद्धीवर आणते. त्यामुळे इथे हे लिहायला संकोच वाटतोय... तरी लिहिते.

मागच्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून आई आली होती. तिला कोव्हला नेलं — कॉर्कजवळचं, बेटावरचं बंदर. चढावर रंगीत घरांच्या रांगा, माथ्यावर प्रचंड चर्च, खाली समुद्र. कित्येक पिढ्या लोक इथूनच बोटीनं अमेरिकेला गेले. बहुतेक परत आलेच नाहीत.

दुपारचे तीन वाजले होते. धुकं उतरायला लागलं होतं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिला पाण्याकाठच्या बाकावर बसवून मी समोरून चहा आणायला गेले. पाच मिनिटं, जास्त नाही. परत आले तर बाक रिकामा.

दुकानं पाहिली, टॉयलेट पाहिलं, रस्ता पाहिला. शेवटी मी जोरात हाक मारली — "आई!"

ओ आली ती समुद्राच्या बाजूनं.

तिथे एक जुना लाकडी धक्का आहे. मधल्या फळ्या केव्हाच गळून पडल्यात, नुसते खांब उरलेत. त्या खांबांपलीकडे, टोकाच्या चार फळ्यांवर आई उभी होती. एक हात पुढे, कुणीतरी धरल्यासारखा.

एका म्हाताऱ्या कोळ्यानं तिला होडीतून आणलं. तिथवर चालत जाताच येत नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. आईचे बूट कोरडे होते. धक्क्याच्या तोंडाशी फाटक आहे, त्याचं कुलूप मी स्वतः ओढून पाहिलं. बंद होतं.

गाडीत बसल्यावर विचारलं. आई अगदी शांत होती.

"एक बाई आली. हात धरला न् म्हणाली, चल, बोट लागलीया."

"कुठल्या भाषेत?"

"आपल्याच की. हात लई गार हुता तिचा. मग तू हाक मारलीस. तसा तिनं हात सोडला. म्हणाली, तुला हाक मारणारं हाय कुणीतरी, तू ऱ्हा."

मला गाडी सुरू करता येईना.

वर्ष झालं. नवऱ्याला सांगितलं, सहकाऱ्यांना सांगितलं. आई आता कोल्हापुरात आहे. मी तिला रोज फोन करते. तिनं उचलायला जरा उशीर केला, तरी मी वाजत्या फोनमध्येच तिला हाक मारते.